डॉक्टरांच्या हाताशी लेखनिक द्या

गेल्या आठवड्यात आईला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत नेलं. पोटात कळ कुठून उठते, हे ती बोटाने दाखवत होती. निवासी डॉक्टरांची मान मात्र केसपेपरात. मग तेच पुन्हा संगणकात भरायचं. रात्रपाळीने डोळे तांबारलेले. त्यांचा राग नाही आला, कीव आली. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर डिजिटल नोंदी वाढल्या, तसे डॉक्टरांशेजारी बसून त्या लिहिणारे ‘मेडिकल स्क्राइब’ही वाढले. डॉक्टर वाचून, दुरुस्त करून सही करतात. आपल्याकडे बीएस्सी झालेली कितीतरी मुलं घरी बसून आहेत. त्यांना औषधांची नावं, वैद्यकीय शब्द आणि गुप्तता पाळणं शिकवून निदान गर्दीच्या ओपीडीत तरी आधी नेमावं.

– एक वाचक, सोलापूर