मुलांना घरी पोचवण्यासाठी : नेपाळमधल्या सेवेकरिता आवाहन

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो, आणि मंडळीबाहेरच्या स्नेह्यांनो,

सप्रेम सलाम.

आपल्या मंडळीतून नेपाळला गेलेल्या दांपत्यासाठी मिशन कमिटी दर वर्षी हंगामाच्या सणाला अर्पण गोळा करते. व्यासपीठावरून चार ओळींची सूचना होते, थैली फिरते, आणि आपण मोकळे होतो. यंदा चार ओळी पुरणार नाहीत. आजवर आपण मुलांना बालगृहात सांभाळण्यासाठी पैसे पाठवले. आता त्या मुलांना बालगृहातून त्यांच्या घरी नेण्यासाठी पाठवायचे आहेत, आणि हे काम जास्त खर्चाचं, जास्त वेळखाऊ आहे. शिवाय त्याचा फोटोही धड निघत नाही.

दांपत्याची नावं इथे छापलेली नाहीत. मंडळीत ती सगळ्यांना ठाऊक आहेत आणि बाहेरच्यांना त्यांची गरज नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपले दोघे तसलं काही करत नाहीत. ते तिथे बालगृहाचे गृहपाल म्हणून राहतात, स्वयंपाक-आजारपण-अभ्यास पाहतात, आणि शनिवारी स्वतः उपासनेला जातात. (तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे चर्चही शनिवारीच भरतं.) तरीही बालगृहाचं आणि त्यांचं नाव असं सगळीकडे फिरू नये, हे बरं. कमिटीतल्या काहींना हा कायदा जाचक वाटतो. माझं मत विचाराल तर पोराच्या ताटाला धर्माची अट लागू नये, हे कायद्याने सांगण्याआधी आपणच सांगायला हवं होतं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, या संशयावरून १८९३ साली पुण्यात जो गदारोळ झाला तो आपल्या वाडवडिलांनी पाहिला आहे. मुलांच्या आश्रयावर असा संशय एकदा बसला की तो पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही.

नव्यांसाठी थोडी ओळख. भाऊ नगरच्या एमआयडीसीत फिटर होते, वहिनी मिरजेत शिकलेल्या नर्स. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसं गेली. त्यानंतर मदतीला गेलेल्यांत हे दोघे होते. सिंधुपाल्चोक जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसं दगावली होती, तिथल्या तंबूंत वहिनींनी जखमा बांधल्या. परतायची वेळ आली तेव्हा काठमांडू खोऱ्यातल्या एका बालगृहात गृहपाल नव्हते, मुलं होती. थोडे दिवस म्हणून राहिले ते राहिलेच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली आणि भारताच्या सीमेवर नाकेबंदी सुरू झाली. ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालली. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत, आणि काठमांडूची थंडी. वहिनी अंगणात विटांची चूल मांडून सगळ्यांचा डाळभात करायच्या. नाकेबंदीमागे भारत आहे असं तिथे घरोघरी बोललं जात होतं, त्यामुळे दुकानात गेलं की ‘तुम्हीच तर गॅस अडवलाय’ असे टोमणे ऐकून घ्यावे लागत. ज्या शेजारणीने हे सर्वांत मोठ्याने सुनावलं, तिनेच दुसऱ्या दिवशी सरपणाचा भारा आणून टाकला. वहिनी सुट्टीवर आल्या की ही गोष्ट हसत सांगतात. त्या वेळी मात्र हसू आलं नसावं.

आता मुद्द्यावर येतो.

बालगृहातल्या बहुतेक मुलांच्या कागदांवर ‘अनाथ’ लिहिलं होतं. काहींच्या फाइलीत आईवडिलांचे मृत्यूचे दाखलेही होते. नेपाळी नीट बोलता यायला लागल्यावर वहिनींना मुलांच्या तोंडून दुसरंच ऐकू येऊ लागलं. एक मुलगा झोपताना ‘आमा’ काय करत असेल ते सांगायचा. गेलेल्या आईबद्दल मूल असं बोलत नाही, फापराचं (कुट्टूचं) पीठ दळत असेल, बकऱ्या आत घेत असेल, असं तर नाहीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, आई हुम्ल्यात, नेपाळच्या वायव्येकडच्या डोंगराळ जिल्ह्यात, जिवंत होती. फाइलीतला दाखला खोटा होता.

हा एकट्या त्या मुलाचा प्रकार नाही. नेपाळच्या अनाथालयांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत, असं युनिसेफने भूकंपानंतर सांगितलं होतं. याची मुळं जुनी आहेत. १९९६ ते २००६ या माओवादी यादवीच्या काळात हुम्ला, जुम्ला अशा कर्णाली भागातल्या गावांतून मुलांना सक्तीने बंडात ओढून नेण्याची भीती होती. शाळा बंद, धान्य अपुरं. अशा वेळी कोणी दलाल येऊन ‘पोराला काठमांडूत शाळेत घालतो’ म्हणाला तर आईबापांनी जमीन गहाण टाकून त्याला पैसे दिले. मुलं शहरात आली, त्यांना अनाथ ठरवलं गेलं, आणि बालगृहं उभी राहिली. ती बहुतेक काठमांडू, पोखरा अशा, परदेशी पाहुणे जिथे येतात त्याच भागांत. युद्ध संपलं तरी रस्ता तयार झाला होता, तो चालूच राहिला. भूकंपानंतर हाच धंदा वाढेल या भीतीने सरकारला पालकांशिवाय मुलांच्या प्रवासावर बंदी घालावी लागली आणि परदेशी दत्तकविधान थांबवावं लागलं.

देणगी देणारे आपल्यासारखेच होते. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण अनाथ मुलासाठी पैसे येतात आणि गरीब आईसाठी येत नाहीत, एवढं कळल्यावर मुलाला अनाथ करणं कोणाला तरी परवडायला लागलं, आणि यात आपल्या थैलीतलाही पैसा असू शकतो. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा समाचार घ्यायला एकाच वचनात, एका दमात सांगितलं आहे. आपण त्यातला अनाथ उचलला आणि विधवेला डोंगरावर सोडून दिलं.

इथे मंडळीतली जुनी माणसं म्हणतील, अरे, आम्ही बोर्डिंगातच वाढलो, आमचं काय वाईट झालं? खरं आहे. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या बोर्डिंगांनी आपल्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस दिला. पण मे महिन्यात आणि नाताळात आपले आजोबा घरी जात होते, आईबापांचं नाव रजिस्टरात होतं, बाप बाजारच्या दिवशी भेटायला येत होता. आणि पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या मागे घरच उरलं नव्हतं. त्या कामाची आठवण ठेवून आपण नेपाळला पैसे पाठवायला लागलो, हे ठीकच. तिथली गरज मात्र वेगळी निघाली.

म्हणून बालगृह चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने आणि आपल्या दांपत्याने मिळून ठरवलं, की नवी मुलं घ्यायची नाहीत, आणि ज्यांचं घर सापडेल त्यांना हळूहळू घरी पोचवायचं. नेपाळच्या २०१८ च्या बालक कायद्याचाही रोख तोच आहे: बालगृह हा शेवटचा पर्याय, आधी आईवडील, नाहीतर आजी-मामा-काका.

‘हळूहळू’ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा खर्च त्यातच आहे. मूल चार-पाच वर्षांचं असताना आलेलं असतं. त्याला गावाचं नाव धड आठवत नाही, कागदावरचं आडनाव बदललेलं असतं. नदी, देऊळ, कोणाचं तरी टोपणनाव एवढ्यावरून शोध सुरू होतो. भाऊ आणि मंडळाचा एक नेपाळी कार्यकर्ता निघतात. हुम्ल्याला जायचं तर काठमांडूहून नेपाळगंजपर्यंत रात्रभराची बस, तिथून सिमीकोटला छोटं विमान (ढग असले की ते उडत नाही, मग लॉजवर मुक्काम), आणि पुढे पायवाट. एका फेरीत घर सापडेलच असं नाही. सापडलं तरी मुलाला लगेच नेऊन सोडत नाहीत. आधी फोनवर बोलणं. मग दसैंच्या (नेपाळमधल्या दसऱ्याच्या) सुट्टीत काही दिवस राहून येणं. मुलाला मायबोली आठवत नसते, आईला मुलाचा चेहरा ओळखू येत नाही, आणि बापाला वाटतं की पोरगा शिकून साहेब होणार होता तो परत का पाठवताय. तिकडे वैशाखात शाळा सुरू होतात, तेव्हा नाव घालायचं तर दाखला, जन्मनोंद, वॉर्डाचं पत्र सगळं आधी हातात लागतं. परतल्यावरही वर्ष-दोन वर्षं जाऊन पाहावं लागतं, नाहीतर तोच दलाल पुन्हा दारात उभा असतो.

सगळी मुलं परत जाणार नाहीत. काहींना खरोखर कोणी नाही. काहींना घरी मारहाणीचा धोका आहे. एका मुलीला अपंगत्वामुळे डोंगरातल्या शाळेत जाता येणार नाही. ती मुलं या दोघांजवळच, घरासारखी राहतील.

आता दोघांविषयी. मिशनरी म्हटलं की यांना काही लागत नाही असा आपला समज असतो. सुट्टीवर आले की आपण त्यांना साक्ष द्यायला लावतो, शाल-श्रीफळ देतो, जेवायला बोलावतो, आणि भाऊंची कंबर कशी आहे हे विचारायचं राहून जातं. कंबर बरी नाही. काठमांडूत नळाला पाणी रोज येत नाही, टँकर येतो, आणि टाकीतून वरच्या मजल्यावर बादल्या वाहून नेणारे तेच. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, आणि भारतात घेतलेला विमा तिथल्या दवाखान्यात चालत नाही. थोरली मुलगी दहावी झाली, तिला पुढच्या शिक्षणासाठी इकडे आजीकडे ठेवायचं आहे. दुसऱ्यांची मुलं आईबापांकडे पाठवणाऱ्यांनी स्वतःची मुलगी दूर ठेवायची, हे वहिनींना फार लागलं आहे. त्यावर कमिटीकडे उत्तर नाही. निदान तिच्या फीची काळजी तरी त्यांना राहू नये.

यंदा ३ लाख ६० हजार रुपये जमवायचे आहेत. त्यातला साधारण निम्मा दांपत्याचा निर्वाह, तिथला आरोग्यविमा आणि मुलीच्या शिक्षणासाठी. उरलेला शोधाच्या प्रवासाला, परत गेलेल्या मुलांच्या शाळेला (पैसे शाळेत भरले जातात, हातात दिले जात नाहीत) आणि आईला उभं राहायला लागेल त्याला. कुठे दोन बकऱ्या, कुठे शिवणयंत्र, कुठे गहाण पडलेलं शेत सोडवणं. शंभर भारतीय रुपयांचे तिकडे १६० नेपाळी होतात, पण विमानाचं तिकीट काढताना त्याचा काही उपयोग वाटत नाही, असं भाऊ म्हणतात.

दरमहा दोनशे देणारे पंधरा-वीस जण मिळाले तर एकदम मोठी रक्कम देणाऱ्या एकापेक्षा आम्हाला ते बरे. शोध मध्येच थांबवता येत नाही. घर सापडलं आणि न्यायला पैसे नाहीत, असं कोणत्याच मुलाच्या वाट्याला येऊ नये.

काही गोष्टी मात्र कृपा करून देऊ नका. जुने कपडे नकोत. पाठवण्याचा खर्च कपड्यांपेक्षा जास्त होतो. ‘माझ्या पैशांतलं मूल कोणतं, त्याचा फोटो पाठवा’ असं विचारू नका, फोटो मिळणार नाही. तरुण संघाने दहा दिवसांच्या सेवासहलीचा प्रस्ताव दिला होता, तो कमिटीने नम्रपणे नाकारला आहे. गिटार वाजवून, लळा लावून आठवड्याने निघून जाणारे ताई-दादा त्या मुलांनी पुष्कळ पाहिले आहेत. तरुणांना खरंच काही करायचं असेल तर त्या सहलीचं भाडं निधीत द्यावं. एक-दोघांनी तर ते दिलंही आहे.

पैसे देण्याबद्दल: दर रविवारी उपासनेनंतर कार्यालयात खजिनदार बसतात. मासिक वर्गणीची कार्डं तिथे आणि महिला मंडळाकडे आहेत. खर्च देशाबाहेर होत असल्याने या निधीवर करसवलतीची पावती देता येत नाही, साधी पावती मिळेल. परदेशात नोकरी करणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले आपले लोक आपल्या बँक खात्यातून मदत करू शकतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांच्याकडून मात्र आम्हाला रक्कम घेता येत नाही, कारण परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी मंडळीकडे नाही. त्यांनी इथल्या नातेवाइकाच्या नावावरूनही पाठवू नये. हिशोब सनदी लेखापालाकडून तपासून वार्षिक सभेत ठेवला जाईल, आणि किती मुलं घरी गेली, किती परत आली, तेही सांगितलं जाईल. काही परत येतात.

दसैंचा मुख्य दिवस आणि आपला दसरा बहुधा एकाच दिवशी येतो. त्या सुट्टीत पहिल्यांदा घरी जाऊन येणाऱ्या मुलांची तिकिटं आधी काढावी लागतात, म्हणून पहिली रक्कम गणपती उठल्यावर लगेच, पितृपंधरवड्यातच पाठवायची आहे. त्याआधी जे जमेल ते द्यावं. रोख दिली तर पावती हातात घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपली,
मिशन कमिटीच्या वतीने चिटणीस