यंत्र नाही म्हणून प्रकल्प अडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मालगुंड, नेवरे, काळबादेवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज आहे, हे आमच्या रत्नागिरीत बहुतेकांना ठाऊक आहे. पण बीएस्सीच्या मुलांनी त्याच्या स्फटिकरचनेवर, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीवर, प्रकल्प करायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘ती मोजायला आपल्याकडे एक्स-रेचं यंत्र कुठे आहे?’ मग विहिरीच्या पाण्याचा जुनाच प्रकल्प पुन्हा टाइप होतो. मी रसायनशास्त्र शिकवते आणि मला याची चीड येते.

जगभरच्या यंत्रांवर झालेली मोजमापं आपल्याला घरबसल्या बघता येतात. ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’ हा स्फटिकरचनांचा ऑनलाइन संग्रह 2003 पासून मोफत खुला आहे आणि त्यात पाच लाखांवर रचना आहेत. केंब्रिजचा संग्रह 1965 सालचा आणि आणखी मोठा, पण तो पूर्ण वापरायचा तर वर्गणी लागते. लहान कॉलेजाला ती झेपत नाही.

आमच्या मुलींनी लोह, टायटॅनियम, ऑक्सिजन एवढंच टाकून शोध घेतला. इल्मेनाइटबरोबर अल्व्होस्पिनेल आणि स्यूडोब्रुकाइट ही त्याच मूलद्रव्यांची दुसरी खनिजंही आली. स्पेस ग्रुप, म्हणजे रचनेच्या सममितीचा प्रकार, बघून ती बाजूला काढली. मग लोहाच्या जागी मॅग्नेशियम घेतलं, नंतर मँगनीज. ठेवण तीच, बदलला फक्त धातू. मॅग्नेशियम, लोह, मँगनीज या क्रमाने धातूच्या आयनाची त्रिज्या 0.72, 0.78, 0.83 अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग) अशी वाढत गेली, तशी युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा घटकाची, ‘ए’ बाजूही 5.05, 5.09, 5.14 अशी वाढली. ‘आयन मोठा, तर सेलही मोठा’ हे पुस्तकातलं वाक्य आलेखावर उतरलेलं पाहून मुली हरखल्या.

एक बिंदू मात्र रेषेच्या बराच खाली होता. नोंद उघडली तर ते मोजमाप प्रचंड दाबाखालचं, म्हणजे स्फटिक दाबून आक्रसलेला असतानाचं, निघालं. खरं शिक्षण इथे झालं, असं मला वाटतं. कुठल्या तापमानाला मोजलं, दाब किती, आर-फॅक्टर (रचना मोजमापाशी किती जुळते याचा आकडा) किती, एकाच पदार्थाची नोंद दोनदा आली आहे का, हे तपासल्याशिवाय कल सांगायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं.

तरीही तोंडी परीक्षेत ‘यात प्रयोग कुठे आहे?’ असं विचारून गुण कापले जातात. विद्यापीठांनी प्रकल्पाच्या नियमांत अशा अभ्यासाला स्पष्ट जागा द्यावी. मुलांकडून नोंदींचे क्रमांक मागावेत, कुठली नोंद का वगळली ते लिहून घ्यावं आणि त्यालाच गुण द्यावेत. आपल्या शिक्षणविषयक पुरवणीतूनही या मोफत संग्रहाची माहिती दिलीत, तर दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॉलेजांना पुढच्या सत्राचे विषय ठरवताना ती उपयोगी पडेल.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, रत्नागिरी