अमेरिकी प्रेक्षकाच्या घरात परदेशी बातमी का पोहोचत नाही?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या आपल्या सोलापुरात जो घोर लागला, तो वेगळा सांगायला नको. या व्यवसायाशी अनेक वर्षे संबंध असल्यामुळे मला एक प्रश्न तेव्हापासून सतावतो आहे. ज्या मतदारांच्या नावाने वॉशिंग्टनमध्ये असे निर्णय होतात, त्यांना त्या निर्णयांची दुसरी बाजू, म्हणजे ज्यांच्यावर ते निर्णय जाऊन आदळतात त्यांची बाजू, टीव्हीवर कधी दिसते का? अमेरिकी वाहिन्यांवरील चर्चांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण तिथल्या घरात इतर देशांच्या वाहिन्या येतात की नाही, आणि येत नसतील तर त्यांना कोण अडवते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे, अमेरिकेत परदेशी वृत्तवाहिनी पाहण्यावर कायद्याची बंदी नाही. उलट १९६५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फार मोलाचा निकाल दिला आहे. परदेशातून येणारे ‘कम्युनिस्ट प्रचारसाहित्य’ टपाल खात्याने अडवून ठेवायचे आणि ज्याच्या नावावर ते आले आहे त्याने कार्ड भरून मागणी केली तरच ते त्याला द्यायचे, असा एक कायदा होता. न्यायालयाने तो रद्द केला. परदेशी मजकूर हवा असणाऱ्या नागरिकाला सरकारपुढे तसे लिहून द्यायला लावणे हाच त्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे बातमी देण्याच्या अधिकाराइतकाच बातमी मिळवण्याचा अधिकारही तिथे मान्य झालेला आहे.

तरीही प्रत्यक्षात काय दिसते? ओहायो राज्यात मुलीकडे मुक्कामाला असताना एका संध्याकाळी रिमोट हातात घेऊन मी चॅनेलची यादी वरून खाली पाहत गेलो. खेळांची चॅनेल होती, स्वयंपाकाची होती, दिवसभर दागिने आणि भांडी विकणारी होती, नुसते हवामान सांगणारेही होते. बातम्यांची चॅनेल मात्र सगळी अमेरिकी होती. बीबीसीच्या बातम्या सापडल्या त्या सार्वजनिक वाहिनीवर, अर्ध्या तासाच्या बातमीपत्रापुरत्या. केबल कंपनीला फोन केला तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय पॅकेज’ वेगळे पैसे भरून घ्या, असे उत्तर मिळाले. हे पॅकेज भाषेनुसार विकले जाते. हिंदीचे घेतले की हिंदी मालिका आणि सिनेमे मिळतात. इंग्रजीतून चोवीस तास बातम्या देणारे परदेशी चॅनेल त्यातही नव्हते. स्थलांतरितांच्या करमणुकीची सोय तिथे आहे, पण सामान्य अमेरिकी माणसाला जगाची बातमी जगाकडून ऐकायची असेल, तर त्याच्यासाठी त्या यादीत जागा नव्हती.

ही जागा का नसते, ते समजून घ्यायला हवे. तिथले मोठे माध्यमसमूह आपली चॅनेल केबल कंपन्यांना एकेकटी न विकता संचाने विकतात. लोकप्रिय क्रीडावाहिनी हवी असेल, तर त्याच मालकाची दुसरी चार चॅनेलही घ्यावी लागतात, आणि ग्राहकाचे बिल व यादीतील जागा दोन्ही त्यातच संपतात. शिवाय काही केबल कंपन्या स्वतःच वाहिन्यांच्या मालक आहेत. अशा बाजारात एखादी परदेशी वृत्तवाहिनी फुकट यायला तयार असली, तरी तिला आत घेण्यात कंपनीला फायदा दिसत नाही. वाद ओढवून घेण्याची भीती मात्र दिसते.

कतारच्या अल जझीरा या वृत्तसंस्थेच्या इंग्रजी वाहिनीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा बहुतेक सर्व मोठ्या अमेरिकी केबल कंपन्यांनी तिला दार बंद ठेवले. वॉशिंग्टन शहर, ओहायोतील टोलेडो, व्हरमाँटमधील बर्लिंग्टन अशा मोजक्या ठिकाणी ती दिसत असे. त्यातही बर्लिंग्टनची हकिकत मला महत्त्वाची वाटते. तिथली केबल सेवा त्या काळी शहराच्या मालकीची होती. २००८ मध्ये काही नागरिकांनी ही वाहिनी बंद करा, अशी मागणी केली. तेव्हा जाहीर सभा झाल्या, विरोधकांचे ऐकले गेले, वाहिनी हवी असणाऱ्यांचेही ऐकले गेले आणि शेवटी वाहिनी चालू राहिली. प्रश्न लोकांसमोर उघडपणे आला तेव्हा लोकांनी तो शहाणपणाने सोडवला. मोठ्या खासगी कंपन्यांच्या बाबतीत असा प्रश्न लोकांसमोर येतच नाही. निर्णय बंद दारामागे होतो आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या कॅनडात याच वाहिनीचा अर्ज नियामक मंडळापुढे आला, नागरिकांना आपले म्हणणे मांडता आले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये परवानगी मिळाली.

पुढे २०११ च्या आरंभी इजिप्तमध्ये उठाव झाला, तेव्हा अमेरिकी प्रेक्षक मोठ्या संख्येने संगणकावर ही वाहिनी पाहू लागले. त्या वेळच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मार्च २०११ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, या वाहिनीवर खरीखुरी बातमी मिळते म्हणून अमेरिकेतही तिचा प्रेक्षक वाढतो आहे. त्यानंतर २०१३ मध्ये वाहिनीने ‘करंट टीव्ही’ ही अमेरिकी वाहिनी सुमारे ५० कोटी डॉलर मोजून विकत घेतली, ती मुख्यतः केबलच्या यादीत जागा मिळावी म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘अल जझीरा अमेरिका’ सुरू झाली. पण त्यासाठी मूळ इंग्रजी वाहिनीचे इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण अमेरिकेत बंद करण्यात आले. म्हणजे केबलवर अमेरिकी आवृत्ती आली आणि जी परदेशी वाहिनी लोक आपणहून शोधून पाहत होते, तीच गेली. ही आवृत्तीही एप्रिल २०१६ मध्ये बंद पडली. प्रेक्षकाच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान कोणते?

परदेशी वाहिन्या म्हणजे परकीय सरकारांचा प्रचार, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रशियाच्या सरकारी वाहिनीच्या अमेरिकी शाखेला २०१७ मध्ये परकीय हस्तक म्हणून नोंदणी करावी लागली, आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये, घरोघरी डिशवरून वाहिन्या पोहोचवणाऱ्या उपग्रह सेवेने तिला वगळल्यावर ती बंदच झाली. तिच्यासाठी मला हळहळ नाही. अल जझीरालाही कतारच्या सत्ताधाऱ्यांचा पैसा आहे, हे प्रेक्षकाला माहीत असलेच पाहिजे. पण वाहिनीचा पैसा कुठून येतो हे पडद्यावर ठळकपणे लिहा आणि निवाडा प्रेक्षकावर सोडा, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. एका वाहिनीच्या खोटेपणासाठी बीबीसी, जर्मनीची डीडब्ल्यू, फ्रान्स २४ आणि जपानची एनएचके यांनाही उंबऱ्याबाहेर ठेवणे, हा अमेरिकी प्रेक्षकावर अन्याय आहे.

आता इंटरनेटवर हे सगळे मिळते, मग तक्रार कशाची, असेही विचारले जाईल. मिळते हे खरे आहे. पण इंटरनेटवर माणूस आधीच आवडलेले शोधतो, आणि त्यापुढे यंत्रणा त्याला त्याच जातीचे आणखी दाखवत राहते. चॅनेल बदलता बदलता ध्यानीमनी नसताना एखाद्या दूरच्या देशाची बातमी समोर येणे आणि हात तिथेच थांबणे, हे केबलच्या यादीतूनच घडते. शिवाय संध्याकाळी सेट-टॉप बॉक्स सुरू करून बसणाऱ्या वयस्कर माणसांची संख्या तिथेही लहान नाही, आणि मतदानाला तीच माणसे नेमाने जातात.

आपल्याकडची व्यवस्था निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. इथे परदेशी वाहिनीला केंद्र सरकारची परवानगी लागते. अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीला ती २०१० च्या अखेरीस मिळाली, आणि काश्मीरचा चुकीचा नकाशा दाखवल्याबद्दल एप्रिल २०१५ मध्ये तिचे प्रक्षेपण पाच दिवस बंद ठेवण्यात आले. आपल्याकडे दारावर सरकार आहे, तिथे कंपनी आहे. तरी परवानगी मिळालेली वाहिनी सुटी निवडण्याची सोय ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांमुळे २०१९ पासून सोलापूरच्या ग्राहकाला आहे, आणि परदेशी इंग्रजी वृत्तवाहिनीसाठी महिन्याला नाममात्र रक्कम पडते. अमेरिकेत सुट्या निवडीला उत्तेजन देणारे विधेयक सिनेटर जॉन मॅकेन यांनी २०१३ मध्ये मांडले होते. ते मंजूर झाले नाही. ते पुन्हा मांडले जावे. आणखी एक मार्ग तिथल्याच कायद्यात आहे. १९९२ च्या कायद्यानुसार उपग्रह सेवांना काही टक्के जागा बिगरव्यावसायिक, शैक्षणिक वाहिन्यांसाठी राखावी लागते. त्याच जागेतून ‘लिंक टीव्ही’ घरोघरी गेली आणि मध्यपूर्वेतील वाहिन्यांची बातमीपत्रे इंग्रजी भाषांतरासह अमेरिकी प्रेक्षकांना दाखवू शकली. असाच नियम केबल कंपन्यांना लावायला काय हरकत आहे?

बाहेरच्या बातमीची किंमत सोलापूरला तरी पटवून द्यावी लागू नये. मे १९३० मध्ये आपल्या शहरात लष्करी कायदा लागू झाला. त्याआधीच निघालेल्या वटहुकुमाने देशभरातील वृत्तपत्रांचे तोंड बांधले होते. त्याच महिन्यात धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली, तेव्हा वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराने ते डोळ्यांनी पाहिले आणि सेन्सॉरच्या अडथळ्यांतून बातमी बाहेर काढली. ती शेकडो वृत्तपत्रांत छापून आली आणि अमेरिकेच्या सिनेटमध्येही वाचली गेली. तेव्हा अमेरिकी वाचकाला दूरच्या देशाची बातमी हवी होती आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचली, याचा आपल्याला उपयोग झाला.

सोलापुरातील अनेक घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, त्यांपैकी कित्येक तिथले नागरिक आणि मतदार आहेत. आपल्या दैनिकाची इंटरनेट आवृत्ती ते वाचतात, म्हणून त्यांना या पत्रातून विनंती करतो. केबल कंपनीचा करार अनेक शहरांत स्थानिक पालिकेशी होतो आणि नूतनीकरणाच्या वेळी नागरिकांचे म्हणणे ऐकले जाते. अमुक चॅनेल दाखवाच, असा आदेश पालिकेला देता येत नाही. पण लोकांसाठी राखीव चॅनेल मागता येतात, आणि नागरिकांची मागणी कागदावर नोंदली जाते. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांइतक्याच उत्साहाने हा विषय हाती घ्यावा, आणि आपल्या भागातील सार्वजनिक वाहिनीला परदेशी बातमीपत्रांची वेळ वाढवण्याविषयी पत्रे लिहावीत.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर