युक्रेनचा नकाशा छापताना

महोदय,

युक्रेनच्या नकाशात पहिली चूक होते ती नावांत. जुना रशियन नकाशा समोर ठेवला की खारकोव, ल्वोव, आर्त्योमोव्स्क उतरतात. युक्रेनी नावे खारकीव्ह, ल्वीव्ह, बाखमुत अशी आहेत. बाखमुतला आपले मूळ नाव २०१६ मध्ये परत मिळाले.

नावे युक्रेनी लिपीत द्यायची तर आधी फॉन्ट तपासावा. कीव्हच्या युक्रेनी नावातले तिसरे अक्षर म्हणजे डोक्यावर दोन टिंबे असलेली उभी दांडी. रशियन वर्णमालेत ते नाहीच, म्हणून तिथे रिकामा चौकोन उमटतो किंवा घाईत भलतेच अक्षर बसते. 'ग'चे एक अक्षर तर सोव्हिएत राजवटीने १९३३ मध्ये काढून टाकले होते, ते १९९० मध्ये परतले. ते गाळले जाते तेव्हा फार वाईट वाटते.

रशियाने २०१४ मध्ये ताब्यात घेतलेल्या क्रिमिया द्वीपकल्पाला रशियाचा रंग देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७ मार्च २०१४ रोजी १०० मतांनी युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेला पाठिंबा दिला आहे. रशियाचा ताबा दाखवायचा असेल तर युक्रेनच्याच रंगावर तिरप्या रेघा ओढाव्यात, देशाची सीमारेषा मात्र सलग ठेवावी. सोबत ध्वज असल्यास निळा पट्टा वर, पिवळा खाली, दोन्ही सारख्या रुंदीचे.

– नकाशा आरेखनाचे अभ्यासक