थंडीच्या लाटेबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठू लागलं की इथं साताऱ्यातही हाडं गारठतात. रात्री डोंगराकडच्या खिडक्या लावून घ्या, फटीत जुन्या गोधडीची पट्टी कोंबा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला काही कळतही नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथंही हाच धोका. झरोका उघडा ठेवा, बादली भरून गीझर बंद करा, मगच आंघोळीला बसा. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा.

पाण्याच्या रॉडचा प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका. मुलांना तर जवळ फिरकूच देऊ नका.

पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी उन्हं आल्यावर निघावं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. मोडवत नाही ती सवय, हे कळतं. पण लाट ओसरेपर्यंत ऐका. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं दार शेजाऱ्यांनी रोज सकाळी वाजवावं.

आपला रखवालदार रात्रभर गेटवर उघड्यावर बसतो. कोणाकडे जास्तीचं घोंगडं असेल तर आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात आणून द्यावं.

– सचिव