आडव्या बंबाबद्दल, उशिरा का होईना

ती. तांबटकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचून दाखवायला तुमच्या नातवाला सांगितलंय. ते चारचौघांत उघडं ठेवतोय त्याला कारण आहे, आणि ते मला फारसं शोभणारं नाही. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या प्रदर्शनात मी इंजिन मांडलं होतं. तेच आपलं, साडेतीन इंची रुळांवरचं, चार चाकांचं, पाटावर मावणारं. वाफ धरली, शिट्टी वाजली, पोरांनी गलका केला. एक गृहस्थ मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, "बॉयलर कुठून आणलात?" मी म्हणालो, "घरीच केला."

ते मान डोलावून पुढे गेले. मला त्या रात्री झोप नाही. चारचौघांत लाटलेलं श्रेय चारचौघांतच परत करावं, म्हणून हा खटाटोप.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. काका, तुम्हाला ते पाठ आहे, पण नातवाला हा भाग गाळू देऊ नका.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं एक जुना राजकोटी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेतला आणि इमारतीच्या पार्किंगमधल्या अडगळीच्या खोलीत बसवला. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे, तिथे मुलांना घेऊन अनेकदा गेलो होतो. तिथे मांडलेल्या छोट्या गावातल्या गाड्या विजेवर पळतात. मला हवी होती खरी वाफ, खरा कोळसा. इंग्लंडात हे वेड जुनं आहे. 'मॉडेल एंजिनिअर' नावाचं मासिक लंडनमध्ये 1898 साली निघालं ते असल्याच लोकांसाठी. घरामागच्या शेडमध्ये लेथ, ड्रिल, एक व्हाइस, आणि एकेका इंजिनामागे आयुष्यातली आठ-दहा वर्षं. साडेतीन इंच हे दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे 89 मिलिमीटर, त्यांच्या मोठ्या रुळांमधल्या अंतराचा सोळावा भाग.

चाकं बिडाच्या ओतीव तुकड्यांतून काढली. सिलिंडर गनमेटलचे. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जायचं, चिंधीवर पसरलेल्या ढिगातून रीमर, टॅप, कधी नशिबाने चांगला मायक्रोमीटर उचलायचा, असं करत तीन वर्षांत इंजिनाचा खालचा सगळा भाग तयार झाला. कंप्रेसरच्या हवेवर तो फिरलाही. लेथवर एक सुख असतं. डायलवरचा आकडा खरा मानायचा, चुकलं तर तुकडा फेकायचा, नवा लावायचा.

बॉयलरचं तसं नाही. बॉयलर म्हणजे पत्राकाम. तांब्याचा पत्रा साच्यावर ठोकून त्याच्या कडा वळवायच्या, नळी, जळणाची पेटी आणि धुराच्या नळ्या एकात एक बसवायच्या आणि चांदीच्या डाखाने, म्हणजे सांध्यात वितळवून भरायच्या चांदीमिश्रित धातूने, सगळं एकजीव करायचं. पहिला बॉयलर मी खरंच घरी केला. गॅसचा छोटा टॉर्च घेऊन आठ महिने झटलो. पाणी भरलं तर जळणाच्या पेटीच्या खालच्या कोपऱ्यातून टिपटिप. तो सांधा पुन्हा तापवला, तर शेजारचा उघडला. एका वेल्डिंगवाल्याने "अर्ध्या तासात करून देतो" म्हणत त्यावर पितळेचा गोळा चढवला. त्यानंतर तिसरीकडून गळायला लागलं.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, कसब्यात तांबट आळीत जाऊन बघा.

काका, त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मला क्रमाने आठवतंय. बॉयलर हातात घेतलात. नखाने कडेवर टिचकी मारलीत. मग आतल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "हा पत्रा वळवताना किती वेळा तापवला?" मी अभिमानाने म्हणालो, "दोनदा." तुम्ही बॉयलर परत माझ्या हातात दिलात. "चिरलाय. तुमच्या डाखाखाली चीर आहे. हा देवघरात ठेवा. चुलीवर नको."

मी आर्जवं केली. म्हटलं, एवढी एक चीर भरून द्या, बाकी सगळं ठीक आहे. तुम्ही नाही म्हणालात. पैसे जास्त देतो म्हटलं, तरी नाही. मला राग आला होता, आज कबूल करतो. आठ महिन्यांचं काम होतं ते.

या नकाराची किंमत मला नंतर कळली. इंग्लंडातल्या क्लबांत बॉयलरची तपासणी करणारे जाणते सभासद असतात. त्यांचा दाखला असल्याशिवाय इंजिन क्लबच्या रुळावर ठेवू देत नाहीत. आपल्याकडचा बॉयलरचा कायदा 25 लिटरच्या आतल्या भांड्याची दखल घेत नाही, आणि माझ्या बॉयलरात पाऊण लिटरही मावत नाही. म्हणजे मला अडवायला कोणीच नव्हतं. दाब ठरवला होता चौरस इंचाला 80 पौंड. तळहाताएवढा, तीन इंच बाय तीन इंच सपाट पत्रा घेतला तर त्यावर सव्वातीनशे किलोचा रेटा. तो पत्रा माझ्या त्या कोपऱ्यावर धरलेला होता, चिरलेल्या. आणि मी तो शाळेतल्या पोरांसमोर पेटवणार होतो.

त्या दिवशी निघताना मी नुसतं सांगायचं म्हणून नकाशा दाखवला. तुम्ही तो जमिनीवर पसरलात, चष्मा लावलात आणि हसायला लागलात. "अहो, हा तर आडवा बंब!"

ज्यांच्या घरी बंब नव्हता त्यांच्यासाठी: अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं उभं भांडं, मधोमध आरपार नळी, नळीत खालून जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्या आजोळी होता. रेल्वे इंजिनाचा बॉयलर आडवा पाडलेला बंबच, फक्त मधल्या एका नळीऐवजी अनेक नळ्या. जाळ जितक्या नळ्यांतून जाईल तितका तांब्याचा जास्त भाग पाण्याला तापवतो. मोठ्या इंजिनात अशा शंभर-दोनशे नळ्या असतात. त्या सोळापट लहान करायला गेलं तर दोन इंची नळी तीन मिलिमीटरची होईल आणि पहिल्याच फेरीत काजळीने बुजेल. म्हणून आमच्यात नऊच, प्रत्येक तीन सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तुम्ही मिलिमीटर बाजूला सारून सगळं सुतात विचारत होतात, आणि माझा नकाशा मुळात इंचातलाच असल्यामुळे मला एकदम हायसं वाटलं होतं.

पण तुमचा पुढचा प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे. "बंबाला वरून तोंड उघडं असतं. याला नाही. मग दाब किती?" आयुष्यभर उघडी भांडी केलेल्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत हे विचारावं! आणि मी सांगितल्यावर सपाट भागांवर बोट ठेवून "इथे आतून टाके लागतील" म्हणालात. नकाशात ते होतेच, आम्ही त्यांना स्टे म्हणतो. समोरासमोरच्या दोन पत्र्यांना बांधून ठेवणाऱ्या तांब्याच्या काड्या. तुम्ही नकाशा न वाचता ते सांगितलंत.

नंतरचे पाच महिने शनिवारची दुपार तुमच्याकडे, नवा बॉयलर करायला. ठोकाठोकी तुम्ही शिकवलीत, पण बराचसा हातोडा तुम्हीच चालवलात, हेही इथे लिहून ठेवतो. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते पुन्हा कधी कडक व्हायला लागतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "ऐका." ठोक्याचा आवाज बद्द असतो, मग हळूहळू टणक होत जातो. आवाज वर चढला की थांबायचं, पुन्हा भट्टीत. एकेका पत्र्याला तुम्ही सहा-सात वेळा तापवलंत. मला पहिले तीन आठवडे काहीही फरक ऐकू आला नाही. आळीत दहा घरांतून एकाच वेळी मठारकाम, म्हणजे भांड्यांवर हातोडीची ठोकाठोक, चालू, त्यात माझा ठोका कुठला हेच कळेना. पेशव्यांच्या काळात कोकणातून येऊन तुमची माणसं इथे वसली, तेव्हापासून हा आवाज तिथे आहे म्हणतात. मला तो ऐकू यायला एक महिना लागला.

आणि डाखाचा दिवस. माझं आधीचं गणित एवढंच होतं की डाख साधारण साडेसहाशे अंशांना वितळतो, तांबं 1085 ला, म्हणजे मधे पुष्कळ जागा आहे. पण तांबं उष्णता पळवतं. एका कोपऱ्यावर टॉर्च धरला तर दुसऱ्या टोकाला हात भाजतो आणि सांधा मात्र थंडच. तुम्ही बॉयलर विटांच्या कोंडाळ्यात ठेवलात, भोवती निखारे रचलेत, सगळं भांडं एकदम मंद लाल केलंत आणि मग मोठा बर्नर फक्त सांध्यावर फिरवलात. टाकणखार काचेसारखा वितळला, डाखाची काडी टेकवली आणि चांदी सांध्याभोवती पाण्यासारखी धावली. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. नऊच्या नऊ नळ्या एका दमात. फक्त एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली, तीही आज मिरवून घेतो: तुमच्याकडच्या जुन्या काड्यांत कॅडमियम होतं, त्याचा धूर फुप्फुसाला वाईट, म्हणून युरोपात त्यावर 2011 पासून बंदी आहे. तुम्ही लगेच ती पुडी बाजूला काढलीत आणि मी आणलेल्या काड्या वापरल्यात. लिंबूसताच्या पाण्यात बॉयलर रात्रभर ठेवला, सकाळी काढला तर फिकट गुलाबी. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, "बारशाला आणल्यासारखा दिसतोय."

पाण्याच्या दाबाची चाचणी तुमच्या ओसरीवरच झाली. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर फार तर एक पिचकारी उडते. वाफेने तीच परीक्षा घेतली तर जीव जाऊ शकतो. हातपंपाने 160 पौंडांवर नेलं, कामाच्या दाबाच्या दुप्पट. काटा वीस मिनिटं टिकायला हवा होता. सातव्या मिनिटाला एका टाक्याच्या डोक्यापाशी थेंब आला. मी मटकन बसलो. तुम्ही पाणी काढायला लावलंत, तो एक टाका पुन्हा डाखून दिलात, आणि पुढच्या शनिवारी काटा जागचा हलला नाही. तुम्ही त्या वीस मिनिटांत एकदाही काट्याकडे बघितलं नाहीत, चहा पीत होतात. मी दुसरीकडे बघितलंच नाही.

पहिली वाफ मी एकट्याने धरली, पार्किंगमध्ये, तीही तुम्हाला न बोलावता. इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळसा आणला, धुराड्यावर छोटा पंखा लावून ओढ दिली. बारा मिनिटांत सुरक्षा झडप फुसफुसली. तेव्हा यायला हवं होतं तुम्ही. त्या दिवशी मला वाटलं होतं, आधी सगळं नीट चालू दे, मग दाखवू. मग प्रदर्शन आलं, आणि त्यात ते वाक्य.

पैशांबद्दल. तुम्ही तासाचे पैसे मोजून घेतलेत, कोळशाचे वेगळे लावलेत, घासाघीस करू दिली नाहीत. त्याचेही आभार. फुकट केलं असतंत तर चौथ्या शनिवारी यायला मला लाज वाटली असती.

तर ज्या गृहस्थांनी विचारलं होतं, ते हे वाचत असतील तर: बॉयलर पुण्यात, कसब्यात, तांबट आळीत झाला. ठोकला आणि डाखला काकांनी. मी विटा रचल्या, निखारे सारले आणि टाके कापून दिले.

काका, येत्या रविवारी सकाळी दहाला इंजिन घेऊन येतो. पंधरा फूट सपाट जागा लागेल, ओसरी पुरणार नाही, गल्लीत रूळ टाकू. दुचाक्या आधी बाजूला करून ठेवायला नातवाला सांगा. डाखाच्या शेवटच्या दिवसाचे माझ्याकडे राहिलेले तीनशे रुपयेही आणतो. आणि पहिला बॉयलर देवघरात नाही ठेवला, आडवा कापला. आत चीर दोन इंच गेली होती. तो तुकडाही घेऊन येतोय, तुम्हाला बघायला.

आपला,
इंजिनवाला