डॉलर दिसले, वजावट दिसली नाही

महोदय,

मुष्टियोद्धा टायसन फ्युरीच्या कमाईची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. फोर्ब्सच्या २०२५च्या सर्वाधिक कमावणाऱ्या खेळाडूंच्या यादीत रोनाल्डो आणि स्टीफन करी यांच्या मागोमाग तिसरा, १४.६ कोटी डॉलर. रुपयांत बाराशे कोटींच्या वर. नातवाने आकडा मोठ्याने वाचला आणि विचारले, "आजोबा, आपल्याकडे बॉक्सिंगचा क्लास कुठे असतो?" माझी हयात बँकेत वजावटी लिहिण्यात गेली, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडला. यातले हातात किती?

हेवीवेट मुष्टियोद्ध्याची कमाई अफाट असते, यात वाद नाही. १९८८ साली माइक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवे केले आणि सुमारे दोन कोटी डॉलर मिळवले. सेकंदाला दोन लाखांहून जास्त! पण मानधनातून प्रशिक्षकाचे साधारण दहा टक्के जातात, मॅनेजरचा वाटा कधी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोचतो, सराव शिबिराचा खर्च वेगळा, आणि मग कर. याच माइक टायसनने २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा डोक्यावर सुमारे २.३ कोटी डॉलरचे देणे होते. त्यात निम्म्याहून अधिक थकलेला कर. (वाघ पाळण्याची हौस होतीच, तिचा दोष मी करखात्यावर ढकलत नाही.)

शिवाय करारातली रक्कम पूर्ण मिळेलच असेही नाही. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये मुहम्मद अली लॅरी होम्सशी लढला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. करार ८० लाख डॉलरचा. दहा फेऱ्या बेदम मार खाल्ला, अकराव्या फेरीला त्याच्या प्रशिक्षकाने उठू दिले नाही. प्रवर्तक डॉन किंगने हातावर ठेवले ते सुमारे ११ लाख ७० हजारांनी कमी. अलीने दावा लावला आणि पुढे रोख ५० हजार घेऊन सोडून दिला. आमच्या शाखेत असली तडजोड कोणी मांडली असती, तर साहेबांनी फाइल भिरकावून दिली असती.

त्याच सीझर्स पॅलेसमध्ये जो लुई उतारवयात नोकरीला होता. काम काय, तर येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करायचे. एके काळचा जगज्जेता! १९४२ मध्ये त्याने दोन लढतींचे मानधन नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिले होते. करखात्याने तेही त्याचे उत्पन्न धरले.

आपण फार काही छापावे असे नाही. अशा आकड्यापुढे 'करपूर्व, ढोबळ' एवढे दोन शब्द पुरेत. ती बातमी नातवाने कापून कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. त्यावर ते दोन शब्द तूर्त मीच पेन्सिलीने लिहिले आहेत.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज